गुळव्या बदलला, गूळ तोच
(बी. ए. भाग 2)

कोल्हापुरात राहून फुटबॉलवर लेख लिहायचा म्हणजे गगनबावड्याच्या माणसाला पाऊस समजावून सांगण्यासारखे आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की अर्धे गाव तिथे असते आणि उरलेले अर्धे निकाल विचारत असते. तरी हा लेख लिहितो आहे, कारण तो आपल्या पेठांच्या संघांविषयी नाही. तो भारताच्या संघाविषयी आहे. या संघाबद्दल आपल्याकडे पेठेच्या संघाइतक्या तळमळीने कोणी बोलत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

मी मात्र बोलतो. एवढेच नव्हे, तर 14 ऑक्टोबर 2025 रोजी भारत आणि सिंगापूर यांचा सामना पाहायला मी फातोर्ड्याला गेलो होतो. आईने परीक्षेच्या फॉर्मसाठी दिलेल्या पैशांतून एस.टी.चे तिकीट काढले. (ते पैसे नंतर दिवाळीच्या आठवड्यात एका कापडदुकानात उभे राहून फेडले, म्हणून आज हे लिहिण्याचे धाडस होते आहे.) चौदाव्या मिनिटाला छांगटेने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला, तेव्हा सगळे पैसे वसूल झाले असे वाटले. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँगने बरोबरी केली आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. सामना 2-1 असा हातचा गेला आणि 2027 च्या आशिया चषकाचे दारही बंद झाले. परतीच्या गाडीत शेजारचा गृहस्थ म्हणाला, "कोच बदला!" मी मान डोलावली. पुढे आंबोलीच्या आसपास माझ्या ध्यानात आले की हा कोच येऊन अडीच महिनेसुद्धा झालेले नाहीत, आणि त्याच्या आधीच्याला काढा म्हणून ओरडणारांतही मीच होतो.

तेव्हा हे प्रकरण आहे तरी काय, ते पहिल्यापासून सांगतो.

2023 साली हा संघ चांगला होता. इगोर स्टिमॅक हे प्रशिक्षक 2019 पासून होते. 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातील हे बचावपटू, स्वभावाने तापट. सॅफ स्पर्धेत मैदानाबाहेर उभे राहून त्यांनी दोनदा लाल कार्ड घेतले. पण त्याच वर्षी भारताने इंफाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेन्टल चषक आणि बंगळूरचा सॅफ चषक असे तीन चषक जिंकले. जुलैमध्ये जागतिक क्रमवारीत आपण 99 वे होतो. नोव्हेंबरात कुवेतला त्यांच्याच घरी हरवले. मी तेव्हा अकरावीत होतो आणि आता 2026 चा विश्वचषक फार दूर नाही, असे वर्गात सांगत सुटलो होतो.

मग 2024 उजाडले. कतारच्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून पराभव, आणि तीन सामन्यांत आपला गोल एकही नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानने 2-1 ने हरवले. तो सुनील छेत्रीचा दीडशेवा सामना होता आणि आपला एकमेव गोलही पेनल्टीवर त्यानेच केला होता. 6 जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध 0-0 अशा बरोबरीनंतर छेत्री निवृत्त झाला. पाच दिवसांनी दोह्यात चेंडू रेषेबाहेर जाऊन आलेला असताना पंचांनी कतारचा गोल मान्य केला. तो सामनाही गेला आणि विश्वचषकाची पात्रताही गेली. जूनमध्येच स्टिमॅक यांना निरोप मिळाला. आमच्या कट्ट्यावर त्या दिवशी जिलेबी आली होती. जिलेबीची वर्गणी मीही दिली होती.

जुलैमध्ये स्पेनचे मानोलो मार्केझ आले. हे गृहस्थ त्याच वेळी एफ. सी. गोवा या क्लबचेही प्रशिक्षक होते, म्हणजे एका घोड्यावर बसून दुसऱ्याचा लगाम धरायचा. मॉरिशसशी बरोबरी, सीरियाकडून हार, व्हिएतनामशी बरोबरी, मलेशियाशी बरोबरी. 2024 या सबंध वर्षात भारत 11 सामने खेळला आणि एकही जिंकला नाही. गोल झाले 4. त्यांचा हिशेब मांडतो, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. एक छेत्रीची पेनल्टी. एक छांगटेचा, तो विंगवरचा. एक फारुख चौधरीचा. आणि एक आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा. तो तर बचावपटू! अकरा सामन्यांत सेंटर फॉरवर्डने हलत्या खेळात केलेला गोल शोधू गेलो तर हाती काही लागत नाही.

मार्केझ यांनाही हे दिसत असणारच. म्हणून मार्च 2025 मध्ये निवृत्त छेत्रीला परत बोलावण्यात आले. चाळिशीतला माणूस आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध गोल करून गेला. मार्केझ यांच्या कारकिर्दीतील आठ सामन्यांमधला तो एकमेव विजय. जूनमध्ये हाँगकाँगने जादा वेळेतील पेनल्टीवर हरवले आणि जुलैच्या आरंभी मार्केझही गेले.

या सगळ्याचा तावातावाने हिशेब मी घरी मांडत होतो, तेव्हा आबा जेवत होते. आबा मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलतात. त्याआधी बरीच वर्षे ते गुऱ्हाळावर होते. फुटबॉलमधले त्यांना फारसे कळत नाही. मी किती प्रशिक्षक झाले ते सांगत होतो. ते म्हणाले, "गुळव्या बदलून काय हुनार? ऊसच कवळा आनला तर गूळ बसतोय व्हय?"

मी त्या वेळी चिडलो. पण नंतर विचार केला. गुळव्या काहिलीपाशी उभा असतो. मळी कधी काढायची, जाळ कधी कमी करायचा, काहील कधी उतरवायची हे त्याचे कसब. वाईट गुळव्या चांगला रस करपवू शकतो, हेही खरे. पण रस त्याने पिकवलेला नसतो. क्लबच्या प्रशिक्षकाला निदान बाजारातून ऊस विकत घेता येतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला तीही सोय नाही. त्याच्या देशाच्या पारपत्राचे जे खेळाडू आहेत त्यांतूनच त्याला निवड करायची, आणि तेही आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात राखून ठेवलेल्या थोड्या दिवसांतच त्याच्या हाती लागतात. त्याबाहेर क्लबने नाही म्हटले की संपले. मार्केझ यांच्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये आलेले खालिद जमील यांनी पहिलीच स्पर्धा खेळली ती मध्य आशियात, आणि तिच्यासाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत.

याचा उत्तम पुरावा 3 मे 2025 चा आहे. त्या दिवशी सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफ. सी. गोवाने जमशेदपूरला 3-0 ने हरवले. गोव्याचे प्रशिक्षक होते मार्केझ आणि जमशेदपूरचे होते जमील! म्हणजे भारताचा तेव्हाचा प्रशिक्षक आणि नंतरचा प्रशिक्षक समोरासमोर. जो मार्केझ भारताला गोल मिळवून देऊ शकत नव्हता, त्याच्या गोव्याने तीन गोल केले. कोणी? दोन स्पेनच्या बोर्हा हेरेराने आणि एक सर्बियाच्या द्राझिचने. तिन्ही गोल परदेशी पायांचे. अक्कल तीच होती, फक्त ऊस दुसऱ्या शेतातला होता.

इंडियन सुपर लीग 2014 ला सुरू झाली. तेव्हापासून 2024-25 पर्यंतच्या एकाही हंगामात सर्वाधिक गोलांचा मान भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. 2024-25 मध्ये मोरोक्कोच्या अजरायने 23 गोल केले. भारतीयांत पहिला कोण? 14 गोल करणारा छेत्री, चाळीस वर्षांचा. नियमाप्रमाणे मैदानावर चारच परदेशी असू शकतात, मग अडचण काय, असे कोणी विचारील. अडचण ही की ते चार कुठेही वाटून उभे राहत नाहीत. पैसे मोजून आणलेला माणूस गोल करायलाच आणलेला असतो. म्हणून तो पुढे उभा राहतो. आपला मुलगा विंगला जातो, नाहीतर बाकावर. गोलासमोर अर्ध्या क्षणात निर्णय घेण्याची सवय सरावात लागत नाही, ती सामन्यातच लागते. आणि सामन्यात ती जागा त्याची नसते.

हे मला आकड्यांवरून कळले असे म्हणालो तर ते खोटे ठरेल. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, पेठेतल्या एका संघाचा सेंटर फॉरवर्ड होता. पाच वर्षांपूर्वी संघाने हंगामापुरता एक परदेशी खेळाडू आणला. उंच, दांडगा, चेंडू छातीवर घेऊन वळणारा. गोलांचा पाऊस पडला. पेठ खूश होती. मी तेव्हा लहान होतो. गॅलरीत उभा राहून त्या परदेशी खेळाडूच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडत होतो. दादा आधी विंगला गेला, मग शेवटच्या दहा मिनिटांचा झाला, मग यायचाच बंद झाला. त्याला काढले असे कोणी म्हणाले नाही आणि खरोखरच कोणी काढले नव्हते. तो आता शिरोलीच्या एका फौंड्रीत आहे. 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा, याचा आम्ही अभिमान मिरवतो. दादासारखे किती आहेत ते कोणी मोजत नाही. परदेशी खेळाडू नकोत असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्याशी खेळून आपला बचाव सुधारला, हे मान्य केले पाहिजे. पण खालच्या वयोगटांत मुलांना वर्षाला भरपूर सामने मिळाले आणि पुढची जागा त्यांच्यासाठी कुठेतरी राखली, तरच हे चक्र फुटेल. तेवढा धीर ना महासंघाला, ना क्लबला, ना मला. प्रशिक्षक एका पत्राने बदलता येतो, म्हणून तो बदलला जातो.

खालिद जमील यांच्याविषयी मला जास्त आपुलकी आहे, हे लपवत नाही. सावियो मेदेरा यांच्यानंतर इतक्या वर्षांनी आलेला हा भारतीय प्रशिक्षक. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला आणि शिकवलेला. 2017 साली आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारा. त्यांनी मध्य आशियातील त्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला, तोही छेत्रीशिवाय. मला वाटले, सुटलो! पण सिंगापूरच्या सामन्यांसाठी छेत्रीला पुन्हा बोलवावेच लागले, आणि फातोर्ड्याचे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये आणखी एक वाट उघडली. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तिथले पारपत्र सोडून भारताचे नागरिकत्व घेतले. त्याची आई मूळची मुंबईची. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे असा व्यवहार करायला माणूस तसाच हवेशीर मनाचा लागतो. स्टिमॅक हेच वर्षानुवर्षे मागत होते. ते गेल्यावर ते घडले.

18 नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाविरुद्ध सामना होता. ऑस्ट्रेलियाच्या महासंघाच्या परवानगीचा कागद वेळेत न आल्याने विल्यम्स संघाबाहेरच राहिला. दादा आणि मी आमच्या माडीवर बसून मोबाईलवर सामना बघत होतो. अकराव्या मिनिटाला मोरसालिनने गोल केला आणि शेवटपर्यंत तो फिटला नाही. बांगलादेशाने आपल्याला बावीस वर्षांनी हरवले. मी प्रशिक्षकाविषयी काही बोललो नाही. दादा सबंध सामनाभर चेंडूकडे न बघता गोलासमोरच्या जागेकडे बघत होता.

"तो नवा कोण आलाय, त्याचं वय काय?" त्याने विचारले.

"बत्तीस."

"म्हंजे माझ्यापेक्षा सहा वर्सांनी मोठा," दादा म्हणाला आणि रात्रपाळीचा डबा घेऊन जिना उतरला.