माळेतला एक मणी



"हिमोग्लोबिन किती आलं?" हा प्रश्न आता आपल्या गटातल्या प्रत्येकीच्या तोंडी आहे. तपासणी होते, कागदावर आकडा येतो, कमी असला की गोळ्या मिळतात. पण हिमोग्लोबिन म्हणजे काय, असं बैठकीत विचारलं की बहुतेक जणी म्हणतात, "रक्त." रक्त नव्हे बायांनो, ते रक्तातलं एक प्रथिन आहे. प्रथिन म्हणजेच प्रोटीन. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत, कारण ती नीट कळली नाही तर आजार एक आणि उपाय दुसराच, असं होतं. वर बाईच्या माथी दोष येतो तो वेगळाच.

गळ्यातली पोत डोळ्यांपुढे आणा. दोऱ्यात एकापुढे एक मणी ओवलेले असतात. प्रथिनाची रचना तशीच असते. त्यातल्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. आपल्या शरीरातली प्रथिनं मुख्यतः २० प्रकारच्या मण्यांतून तयार होतात. कोणता मणी कुठे आणि माळ किती लांब, यावरून प्रथिन कोणतं ते ठरतं. साखरेच्या आजारात ज्याचं नाव ऐकतो ते इन्सुलिन फक्त ५१ मण्यांचं. काही प्रथिनं हजारो मण्यांची असतात.

पण नुसती माळ ओवून काम भागत नाही. ती माळ ठरलेल्या पद्धतीने वळते, दुमडते, तिची घडी बसते. घडी बसली तरच प्रथिन कामाला लागतं. घडी मोडली तर काय होतं, ते आपण रोज चुलीवर बघतो. अंड्याचा पांढरा भाग कच्चा असताना पातळ आणि पारदर्शक असतो. उकडला की घट्ट, पांढरा होतो. मणी तेच, माळही तीच, पण उष्णतेने घडी उलगडली आणि माळा एकमेकींत गुंतल्या. मग कितीही गार केलं तरी अंडं पुन्हा पातळ होत नाही.

प्रथिनांची कामं तरी किती! केस आणि नखं केराटिन नावाच्या प्रथिनाची. कातडी, हाडं, सांधे यांना धरून ठेवतं ते कोलॅजन. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतलं एक प्रथिन पिठातल्या स्टार्चचं साखरेत रूपांतर करत असतं. बाळंतिणीच्या पहिल्या चिकाच्या दुधात रोगाशी लढणारी प्रथिनं भरपूर असतात. म्हणून तर चीक पिळून टाकू नका, बाळाला पाजा, असं आम्ही घरोघर सांगतो.

आणि हिमोग्लोबिनचं काम वाहतुकीचं. ते तांबड्या पेशींत असतं, फुप्फुसातून प्राणवायू उचलतं आणि अंगभर पोचवतं. त्यात चार माळा असतात, दोन १४१ मण्यांच्या आणि दोन १४६ मण्यांच्या. प्रत्येक माळेत लोहाचा एक कण धरलेला असतो. त्या कणालाच प्राणवायू चिकटतो. म्हणून लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी बनतं, दम लागतो, पाय ओढत चालावं लागतं.

आता मुद्द्याचं ऐका. त्या १४६ मण्यांच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हा मणी असतो. काही माणसांत तिथे व्हॅलिन हा मणी येतो. एवढाच फरक. पण व्हॅलिनचं पाण्याशी जमत नाही. प्राणवायू सोडून दिल्यावर अशा हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात आणि पेशीच्या आत ताठ काड्या तयार होतात. गोल, मऊ पेशी वाकडी होते, विळ्यासारखी. हाच सिकलसेल. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं मूळ हिमोग्लोबिनमध्येच आहे हे दाखवलं. १९५७ साली व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका बदललेला मणी दाखवला.

निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी राहतं. शिवाय ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात. लहान बाळाचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे होतात, ताप वारंवार येतो. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात हा आजार जास्त आढळतो. पण तो एकाच समाजाचा नाही.

बायका आम्हाला विचारतात, "डाळी, अंडी खाल्ली तर हा मणी बदलेल का?" नाही. खाल्लेलं प्रथिन पोटात सुटं होतं, त्याचे मणी वेगळे होतात. ते मणी वापरून शरीर आपली माळ ओवतं. माळेचा नमुना मात्र आईवडिलांकडून आलेला असतो. जेवण मणी पुरवतं, नमुना बदलत नाही. म्हणून महागड्या प्रोटीनच्या डब्याने सिकलसेल बरा होत नाही. लोहाच्या गोळ्याही अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या.

तरीही मणी पुरेसे हवेतच. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आणखी. २० पैकी ९ मणी अन्नातूनच मिळवावे लागतात. ज्वारी-तांदळात लायसिन हा मणी कमी, तो डाळीत भरपूर. डाळीत जो कमी तो धान्यात मिळतो. म्हणून वरण-भात, भाकरी-उसळ ही जोडी शहाणपणाची आहे. पण सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तळाचं पातळ वरण बाईच्या ताटात आलं, तर तिला मणी मिळणार कुठून? डाळ वाढताना आधी स्वतःचीही वाटी बाजूला काढा.

आता सगळ्यात जड गोष्ट. सिकलसेलचं मूल झालं म्हणून सुनेला माहेरी पाठवल्याची उदाहरणं आम्ही पाहिली आहेत. मैत्रिणींनो, हा आजार होण्यासाठी बदललेला नमुना आई आणि वडील, दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर मूल वाहक होतं. त्याला सहसा त्रास नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारात एक. एकट्या आईचा दोष कुठेच बसत नाही. हा आजार शिवल्याने, उष्ट्याने पसरत नाही.

मग करायचं काय? सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल अभियान सुरू केलं आहे. आपल्या आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी करा. पहिल्या चाचणीत शंका आली तर पक्क्या निदानाची दुसरी चाचणी होते, ती अर्धवट सोडू नका. लग्न ठरवताना पत्रिकेआधी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी करा. घरात रुग्ण असेल तर पाणी भरपूर पाजा, थंडीपासून आणि अतिश्रमापासून जपा. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया ही औषधं डॉक्टर सांगतील तशीच चालू ठेवा. ताप आला किंवा छातीत दुखलं तर घरी थांबू नका.

गोळ्या खाऊनही आकडा वाढत नसेल, तर "मीच नीट खात नाही" म्हणून गप्प बसू नका. कारण शोधायला सांगा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपला तपासणीचा कागद आणावा. बचतीच्या वहीसारखाच तोही आपण मिळून वाचू.