झाड पाने का टाकते?

फाल्गुन-चैत्रात पनवेलहून पेणच्या वाटेला लागलात तर कर्नाळ्याच्या डोंगराकडे नीट पाहा. १९६८ साली पक्षी अभयारण्य झालेल्या या रानात तेव्हा साग, सावर, पळस उघडेबोडके झालेले असतात. आणि तुमच्या परसातले आंबा, फणस, बकूळ मात्र हिरवेगार! पाऊस तर दोघांवरही सारखाच पडला. मग असे का?

आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि पुढे आठ महिने कोरडे. पानाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून झाड हवा घेते, पण पाणीही उडून जाते. सागाचे पान सुपाएवढे. उन्हाळ्यात अशी पाने पोसायला पाणी आणायचे कुठून? म्हणून साग पाने टाकून निजून राहतो. आंबा-फणसाचे पान जाड, चिवट, पाणी जपून खर्चणारे. त्यांचीही पाने गळतात, पण सगळी एकदम नव्हे. अंगणातला फणसाचा पाचोळा रोज झाडणाऱ्या माउलीला हे सांगायला नकोच.

धोदाणीच्या वाटेने माथेरान चढणाऱ्यांना हा फरक पायाखालीच दिसतो. खाली पानझडीचे रान, आणि वर सुमारे ८०० मीटर उंचीवर जांभूळ व अंजनीची गर्द सावली. वर हवा गार, धुके जास्त, ओल टिकते. तिथे पाने टाकण्याची गरज भासत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. पानझडी झाड पान फुकट टाकत नाही. गळण्याआधी पानातले जवळजवळ निम्मे नत्र ते फांद्या-खोडात ओढून घेते, मग देठाशी दार लावते. पान पिवळे पडते ते त्यामुळेच. पण राबासाठी आपण ऐनाचा टहाळ हिरवा असतानाच तोडतो. म्हणजे झाडाने पुढच्या पालवीसाठी ठेवलेली शिदोरीच पळवतो. दरवर्षी ओरबाडलेला ऐन खुरटा का राहतो, ते यावरून समजेल. एकच झाड लागोपाठ तोडू नका आणि शेंड्याकडचा तिसरा हिस्सा तरी राखा.

सदाहरित झाडाला तर पान हेच कोठार. पावसाळ्यानंतर आंब्याच्या फांद्या शेळ्यांसाठी छाटल्या, तर ज्या जून काडीवर मोहोर यायचा तीच गेली.

राब भाजल्याने तणाचे बी मरते, हे मान्य. पण पाल्यातले नत्र धुरावाटे उडून जाते, त्याचे काय? त्यापेक्षा रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळा. बांधावर गिरिपुष्प लावा. पावसाळ्यात तो भरभरून फुटतो. त्याचा हिरवा पाला गुंठ्याला ३० किलो या प्रमाणात चिखलणीच्या आठवडाभर आधी शेतात पसरा. रानातला ऐन तेवढा वाचेल. गळलेला पाचोळाही जाळू नका. त्यात निम्मे सत्त्व अजून शिल्लक असते, ते खतखड्ड्यात जाऊ द्या.

आणि चैत्रात एखादे उघडे झाड वाळले म्हणून तोडायला निघालात, तर आधी कोयत्याच्या टोकाने साल जराशी खरवडा. आत हिरवी, ओलसर दिसली तर झाड जिवंत आहे. पालवी यायची आहे एवढेच.