जांभळीचं गोंदण

माहेरचं जुनं कपाट रिकामं करताना माझी कॉलेजातली हर्बेरियमची फाईल हाती लागली. १९८७ची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. पानं पिवळी पडलेली, डिंक सुटलेला. शेवटी एक घडीचं कागदी पाकीट. त्यावर माझ्या गोल अक्षरात, ‘मॉस. जांभूळ, परसदार, महाबळेश्वर’. आणि शेजारी सरांच्या लाल शाईत एकच शब्द : ‘नक्की?’

त्या ‘नक्की?’पायी माझे दोन मार्क गेले होते. तेव्हा राग आला होता. ‘मॉस नाही तर काय आहे ते सांगा ना!’ असं मनात म्हटलं, तोंडानं विचारायची हिंमत नव्हती.

ती जांभूळ आता नाही. २००९ मध्ये घर मागच्या बाजूला वाढवलं, तेव्हा तोडली. पावसाळ्यात तिच्या खोडावर लालसर तपकिरी नक्षी उठून दिसायची, चिकटून बसलेली, जाळीदार. आई तिला ‘जांभळीचं गोंदण’ म्हणायची. झाडाबरोबर गोंदणही गेलं. उरलं ते या पाकिटातलं चिमूटभर. म्हटलं, निदान त्याला तरी त्याच्या खऱ्या नावानं ओळखू या.

सोनार वापरतात तसलं दहा पटीचं भिंग घरात होतं. चिमटीतला एक धागा पाण्याच्या थेंबात ठेवला आणि सरांचा लाल शब्द खरा ठरायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मॉसची पानं देठाभोवती गोल फिरत लागतात, बहुतेकांना मधोमध शीरही असते. इथे पानं दोन बाजूंना ओळीनं, कौलं बसवावीत तशी आणि शीर मुळीच नाही. म्हणजे हे लिव्हरवर्ट. माझी चूक कुठे झाली तेही कळलं. अभ्यासाला असायचे रिक्सिया आणि मर्केन्शिया, चपटे, जमिनीला चिकटलेले. त्यामुळे लिव्हरवर्ट म्हणजे चपटंच, हे डोक्यात पक्कं. प्रत्यक्षात बहुतेक लिव्हरवर्ट पानांचेच असतात!

पण हे झालं नुसतं आडनाव. पुढचं भिंगाला झेपेना. ओळखीच्या बॉटनीच्या मॅडमकडे गेले. त्यांनी मायक्रोस्कोप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘‘वरून काय बघताय? उलटं करा. यांची सगळी ओळख पोटाकडे असते.’’

उलटं केलं मात्र, बघतच राहिले. प्रत्येक पानाचा एक छोटा भाग खाली दुमडलेला आणि फुगलेला, अगदी तान्ह्या बाळाचं टोपडं. मधून तिसरी ओळ, इवल्या पानांची, टोकाशी दुभंगलेली. टोपडी दिसली की फ्रुलानिया, मॅडम म्हणाल्या. या टोपड्यांत पाणी साठतं. पाण्यात रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव बिऱ्हाड करतात. (युरोपात लाकूडतोड्यांच्या हातांना फ्रुलानियामुळे खाज सुटते, त्वचा सोलवटते, असंही त्यांनी सांगितलं. मी निमूटपणे हात धुऊन आले.)

फ्रुलानियाच्या जाती पुष्कळ, नवशिक्याला सगळ्या सारख्याच दिसणार. या पाकिटापुरता प्रश्न दोघींपाशी येऊन थांबला : मस्किकोला की एरिकॉइडिस? दोघींमध्ये काही टोपडी फुगलेली, तर काही न फुगता साधी चपटीच राहिलेली असतात. त्यामुळे नुसत्या टोपड्यांवर निकाल लागेना. मग मॅडमनी एक कोरडा धागा घेतला. पानं देठाला घट्ट लपेटलेली. ‘‘आता बघा हं,’’ म्हणत पाणी सोडलं. पानं हलली, उलगडली आणि देठापासून चक्क बाहेर वळून ताठ उभी राहिली. इतकी वर्षं कागदात वाळलेली! मस्किकोलाची पानं अशी उसळून उभी राहत नाहीत. ही एरिकॉइडिस. जुन्या पुस्तकांत तिचं नाव स्क्वॅरोसा असतं, तेही पानांच्या याच सवयीवरून.

मी लगेच पेन उघडलं. मॅडमनी थांबवलं. लिव्हरवर्टच्या पेशींत तेलाचे बारीक कण असतात, त्यांचा आकार आणि संख्या ओळखीला उपयोगी पडते. पण वाळल्यावर ते नाहीसे होतात. ‘‘पुढच्या वेळी ताजं आणा आणि त्याच दिवशी बघा,’’ म्हणाल्या. पुढची वेळ कुठली? जांभूळच नाही.

खालच्या पानांच्या कडा आणखी चार धाग्यांवर तपासल्या, त्या जुळल्या. मग पाकिटावरचं ‘मॉस’ खोडलं. फाडलं नाही, तशी पद्धत नाही. जुनी ओळख वाचता यावी लागते. खाली लिहिलं, ‘फ्रुलानिया एरिकॉइडिस. वाळलेल्या नमुन्यावरून.’ आणि आजची तारीख.

रात्री आईला फोन केला. नाव तिनं दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाली, ‘‘असेल बाई. पण विहिरीजवळच्या हिरड्यावरही तसलंच गोंदण आहे की. तू कधी बघितलं नाहीस?’’

जुलैत जाणार आहे.