स्कॅनरने सांगितलं म्हणून सेन्सर बदलू नका

‘स्कॅनर लावला की गाडीचा कुठला पार्ट गेलाय ते कळतं.’ सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गॅरेजमध्ये, स्पेअर पार्टच्या दुकानात, जिथे जावं तिथे हे वाक्य कानावर येतं. ईएलएम ३२७ चिपवर चालणारं ब्लूटूथ यंत्र काही शे रुपयांत मिळतं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ते खुपसलं की मोबाइलवर ‘पी०१७१’ अशी अक्षरं येतात आणि माणूस थेट ऑक्सिजन सेन्सर आणायला निघतो. काही हजार रुपये जातात. कोड पुसल्यामुळे चेक इंजिनचा दिवा विझतो आणि चार दिवसांनी पुन्हा लागतो. मग सेन्सर ‘डुप्लिकेट’ निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. सेन्सर जुनाही चांगला होता आणि नवाही चांगला आहे, हे कुणी सांगत नाही.

या कोडांच्या व्याख्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२०१२ या मानकात दिलेल्या आहेत. पहिलं अक्षर ‘पी’ म्हणजे पॉवरट्रेन, अर्थात इंजिन आणि गिअरबॉक्स. त्यापुढचा आकडा शून्य असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच असतो, आणि एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा असतो. आता पी०१७१ची व्याख्या पाहा: पहिल्या बँकेत, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेत, मिश्रण फार लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. यात सेन्सर बिघडल्याचा उल्लेखही नाही. कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. आणि ऑक्सिजन सेन्सर तर या प्रकरणातला साक्षीदार आहे. आपण साक्षीदारालाच शिक्षा करत सुटतो.

कोडांची ही ओबीडी व्यवस्था मुळात दुरुस्तीसाठी जन्मालाच आली नाही. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाने १९८८पासून गाड्यांना स्वतःवर लक्ष ठेवायला लावलं, आणि १९९६पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना २०१०पासून ओबीडी-१ आणि २०१३पासून ओबीडी-२ लागू झालं. प्रश्न होता, धुरातलं प्रदूषण मर्यादेबाहेर जाण्याइतकं काही बिघडलंय का? अमेरिकी नियमात साधारण मर्यादेच्या दीडपट प्रदूषणाची शक्यता दिसली की दिवा लावायचा, असं ठरलं. त्यामुळे ‘काय बिघडलं’ यापेक्षा ‘कुठली चाचणी नापास झाली’ हेच कोड सांगतो. २०१०पूर्वीच्या गाडीला साधा स्कॅनर जोडलाच जात नसेल, तर तोही बिघाड समजू नका. तेव्हाच्या अनेक गाड्या फक्त कंपनीच्या यंत्राशीच बोलतात.

मग पी०१७१ येतो कशाने? इंटेकची रबरी नळी चिरलेली असते, वॅक्यूमचा पाइप निसटलेला असतो, पेट्रोल पंप थकलेला असतो, फिल्टर तुंबलेला असतो. आणि दहा-बारा वर्षांच्या गाडीत हमखास आढळणारं, पण कुणालाच न सुचणारं कारण असतं सायलेन्सरच्या बाजूला, इंजिनाला लागून असलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये.

सकाळी गाडी सुरू केली की ‘टिक्‌टिक्‌टिक्‌’ असा वेगवान आवाज येतो, रेस दिली की वाढतो आणि चार-पाच मिनिटांत गाडी गरम झाली की नाहीसा होतो. शंभरातले नव्वद जण याला ‘टॅपेटचा आवाज’ म्हणून सोडून देतात. टॅपेटचाही असू शकतो. पण गरम झाल्यावर पूर्ण थांबणारा आवाज असेल तर आधी मॅनिफोल्ड पाहा. तापलेलं लोखंड प्रसरण पावतं, चीर किंवा पॅकिंगची फट मिटते आणि आवाज बंद होतो. इंजिन थंड असताना बॉनेट उघडून पाहिलं तर फटीपाशी बहुतेक वेळा काजळीचा डाग सापडतो.

त्या फटीतून धूर फक्त बाहेर येतो असं आपल्याला वाटतं. ते पूर्ण खरं नाही. एक्झॉस्टचा वायू सलग धारेने वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या क्षणी बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते. पुढे बसलेल्या सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. तो सिलिंडरमधून आला की फटीतून, हे सेन्सरला कळायचा मार्गच नाही. तो ‘लीन’ सांगतो, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, विश्वासाने पेट्रोल वाढवतो, वाढवत राहतो आणि त्याची हद्द संपली की पी०१७१ नोंदवून दिवा लावतो. म्हणजे कोड पेट्रोल कमी असल्याचा, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त. प्लग काळे पडतात, मायलेज उतरतं. नवा सेन्सर बसवला तरी त्याच्या पुढ्यातली हवा तीच असते, म्हणून तोही तेच सांगतो, आणि बरोबरच सांगतो.

हे सगळं त्या काही शे रुपयांच्या यंत्रातच दिसतं, पण कोड वाचून झाला की लोक ॲप बंद करतात, याचा मला खरोखर राग येतो. ‘लाइव्ह डेटा’मध्ये ‘फ्युएल ट्रिम’ नावाचे दोन आकडे असतात: एक तात्कालिक, एक दीर्घकालीन. ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवावं किंवा घटवावं लागतंय, ते त्यांत दिसतं. दोन्हींची बेरीज उणे-अधिक दहाच्या आत असेल तर साधारणपणे ठीक. आयडलला अधिक वीस आणि अडीच हजार आरपीएमला अधिक पाच दिसत असेल, तर कुठेतरी हवा शिरतेय. याउलट चढावर, भार पडल्यावर आकडा वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही, म्हणजे पंप आणि फिल्टर तपासायचे. एक सावधगिरी मात्र हवी. अनेक छोट्या गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर नसतो, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यांच्यात इंटेकची गळती ट्रिमपेक्षा वाढलेल्या आयडलमध्ये जास्त दिसते. कोडबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ही साठवलेली असते: बिघाड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं. कोड पुसला की हा पुरावाही पुसला जातो. म्हणून आधी मोबाइलवर स्क्रीनशॉट घ्या.

आता ई२० पेट्रोलची गोष्ट यात आली आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. वीस टक्के इथेनॉल असलेल्याला साधारण १३.५ पट. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बांधलेल्या जुन्या गाडीत काहीही बिघडलेलं नसताना ट्रिम सात-आठ टक्के वर बसू शकतो. एवढ्याने दिवा लागू नये. पण पूर्वी जी छोटी गळती ईसीएम पचवून नेत होता, तिला आता जागा उरत नाही. ‘ई२०ने सेन्सर गेला’ असं म्हणणाऱ्यांनी आधी ती गळती शोधावी.

पी०४२०चंही असंच होतं. हा कोड आला की ‘कॅट-कॉन गेला’ असा निकाल लागतो, आणि तो पार्ट सेन्सरच्या कितीतरी पट महाग आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर सतत ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान हेलकावतो. नंतरचा जवळजवळ स्थिर राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखा हेलकावू लागला की ईसीएम म्हणतो, कन्व्हर्टरची क्षमता कमी झाली. कन्व्हर्टर खरोखर संपलेला असू शकतो, पण दोन सेन्सरांमधल्या सांध्यातून हवा शिरत असेल तरी हीच नोंद होऊ शकते. आणि संपला असेल तर तो कशाने संपला? बहुतेकदा महिनोन्‌महिने चाललेल्या मिसिंगने किंवा जळणाऱ्या ऑइलने. ते कारण तसंच ठेवून बसवलेला नवा कन्व्हर्टरही टिकणार नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. बॅटरीची तार काढली की बिघाड जातो: जातो फक्त कोड, आणि ईसीएमने शिकलेलं सगळं. दिवा आपोआप विझला म्हणजे गाडी बरी झाली: सलग तीन फेऱ्यांत चाचणी पास झाली की तो विझतो, कोड त्यानंतरही बरेच दिवस मेमरीत राहतो. ‘सर्किट’चा कोड म्हणजे नक्की सेन्सरच: पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेतलेल्या उंदराने वायर कुरतडली किंवा कोकणच्या खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवा पडला, तरी तोच कोड येतो. पीयूसी पास म्हणजे इंजिन ठणठणीत: पेट्रोल गाडीची ती चाचणी उभ्या गाडीवर होते, चढावरची नाही. सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं म्हणजे हेड गॅस्केट गेलं: एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, थंड पाइपात ते साचणारच, कूलंट कमी होत असेल तरच काळजी करा. गाडीखालून पत्र्याची खडखड म्हणजे कन्व्हर्टर फुटला: आधी त्यावरचं उष्णतारोधक पत्र्याचं कव्हर हलवून पाहा, अनेकदा एका क्लॅम्पमध्ये काम होतं.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र ‘थांबायची गरज नाही’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. स्थिर दिवा म्हणजे सवडीने दाखवा. लुकलुकणारा म्हणजे आत्ता, या क्षणी मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. ॲक्सिलरेटर सोडा, भार कमी करा, बाजूला घ्या. सायलेन्सरच्या टोकाशी ‘फुस्‌, फुस्‌’ असा अनियमित आवाज येत असेल तर जुन्या मिस्त्रींची परीक्षा आजही चालते: त्याच्या तोंडापाशी कागद धरायचा. तो सारखा बाहेर ढकलला गेला पाहिजे. मधूनच आत ओढला जात असेल तर बहुधा व्हॉल्व्ह जळलाय, आणि कॉइल-प्लग बदलून तो बरा होणार नाही.

आणि ती सकाळची टिकटिक ‘नुसता आवाज’ म्हणून सोडून देऊ नका. मॅनिफोल्डपाशी, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधी, निसटणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि ती फट केबिनच्या हवेच्या वाटेपासून हातभर अंतरावर असते. पॅकिंग बदलून होईपर्यंत गाडी उभी करून, काचा लावून, एसी चालू ठेवून आत कुणीही झोपू नये. मुलांना तर मुळीच झोपवू नये.