लंगडणारा बैल आणि प्लेटलेट जेल: किती भरवसा ठेवावा?

उसाची गाडी ओढताना बैल घसरला, मागचा गुडघा मुरगळला. औषधाने सूज उतरली, पण दोन महिन्यांनंतरही लंगडणे थांबत नाही. धर्मापुरी परिसरात देवणी किंवा लाल कंधारी बैल सांभाळणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. अशा वेळी "बैलाच्याच रक्ताचे जेल सांध्यात भरले की नवी कूर्चा येते" असे कुणी सांगितले, तर त्यात तथ्य किती, हे समजून घ्या.

कूर्चा आपोआप का भरून येत नाही?

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, चिवट थर असतो. ती कूर्चा. कातडी फाटली की रक्त येते, गोठते आणि तिथूनच जखम भरू लागते. कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे दुरुस्तीची ही पहिली पायरीच होत नाही. नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवले होते.

जेल म्हणजे काय?

जनावराचे रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवतात आणि प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करतात. त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा थ्रॉम्बिन मिसळले की तो गोठून जेल होतो. प्लेटलेटमधून पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने बाहेर पडतात. पातळ द्रव सांध्यात पसरतो. जेल मात्र जखमेच्या खड्ड्यात टिकून राहते. ते बसवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. बहुधा खालच्या हाडाला बारीक छिद्रेही पाडतात, म्हणजे मज्जेतील पेशी वर येतात.

प्रयोगांतून काय दिसले?

ससे, मेंढ्या आणि घोड्यांवर प्रयोग झाले आहेत. मेंढ्यांमध्ये नुसत्या छिद्रांपेक्षा छिद्रे आणि जेल मिळून खड्डा अधिक चांगला भरला. मात्र भरलेला भाग मूळ कूर्चेसारखा झाला नाही. ओढकाम करणाऱ्या बैलांबाबतचा अनुभव तर फारच थोडा आहे. म्हणून ही आशादायक उपचारपद्धती आहे, हमखास इलाज नाही.

आधी कारण शोधा

लंगडण्याचे मूळ नेहमी सांध्यात नसते.

- खुरात खिळा, काटा किंवा जखम आहे का ते पाहा.
- तोंडात फोड आणि लाळ असेल तर लाळ-खुरकुताची शंका घ्या.
- लहान वासराचे सांधे सुजले असतील तर नाळेतून जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.
- सांधा गरम, ताप आणि चारा बंद, अशी लक्षणे असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जंतुसंसर्ग झालेल्या सांध्यात जेल भरू नये.

तुम्ही काय कराल?

बैलाला ताबडतोब कामातून सोडा आणि मऊ, कोरड्या जागी बांधा. गावात कुणाकडूनही सांध्यात सुई टोचून घेऊ नका. एका अस्वच्छ सुईने सांधा कायमचा जाऊ शकतो. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा. गरज पडल्यास परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल. निघण्यापूर्वी एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची सोय विचारून घ्या.

खर्च करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: इजा ताजी आहे की सांधा पूर्ण झिजला आहे? किती महिने विश्रांती लागेल? बैल पुन्हा जू ओढेल, की फक्त वेदना कमी होतील? या उत्तरांवरच निर्णय घ्या.