नातू जर्मन, सातबारा इंदापूरचा

बारामतीत कॉलेजच्या कट्ट्यावर मैत्रिणीने सांगितलेला किस्सा. तिची ताई इंदापूरहून एमएस करायला जर्मनीला गेली, नोकरी लागली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं. दिवाळीत बाळाला घेऊन दोघं गावी आले. अण्णांनी नातवाला खांद्यावर घेतलं, उसातून फेरी मारली आणि जाहीर केलं, ‘हे दोन एकर आता याच्या नावावर.’ ताई हळूच म्हणाली, ‘अण्णा, तसं नाही करता येत.’

का नाही? मैत्रिणीला माहीत नव्हतं, मलाही नाही. मग बसले नियम वाचत.

वडील जर्मन, म्हणून बाळ जन्मतः जर्मन. आई भारतीय, म्हणजे ते भारतीयही होऊ शकलं असतं. पण ३ डिसेंबर २००४ पासून नियम असा, की परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत करायची. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईबाबांनी लिहून द्यायचं. ताईने जर्मन पासपोर्ट आधीच काढलेला. रात्र रात्र जागणाऱ्या बाईला कायद्याचं कलम कुठून आठवणार?

आता उरतं ओसीआय कार्ड. नावात ‘सिटिझन’ असलं तरी हे नागरिकत्व नाही, आयुष्यभराचा व्हिसा म्हणा. भारतात कितीही दिवस राहा, शिका. मतदान मात्र नाही. आणि शेतजमीन? विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारसाहक्काने मिळू शकते. म्हणजे अण्णांच्या हयातीत त्यांची घोषणा कागदावर उतरणार नाही. हे त्यांना नीट समजावणार कोण, यावर घरात अजून चर्चा चालू आहे!

मला खरा धक्का पुढे बसला. ताईचा पासपोर्ट भारतीयच आहे. तरी ती परदेशात राहते म्हणून तिलाही इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. आयईएलटीएसची पुस्तकं घेऊन फिरणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे माहितीये?

जावईबापूंचं वेगळंच. लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं ते टिकलेलं हवं, तेव्हा ओसीआय. तोवर व्हिसा, आणि मुक्काम लांबला तर एफआरआरओकडे नोंदणी. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं.

आपलेच नियम किचकट, असंही नाही. ब्रिटनने तर ११ एप्रिल २०२४ ला परदेशी जोडीदार आणण्यासाठीची किमान वार्षिक कमाई १८,६०० पौंडांवरून थेट २९,००० वर नेली. प्रेमाला सॅलरी स्लिप!

ताई परत गेली आणि तिने बाळाचा ओसीआयचा अर्ज भरला. सही येत नाही म्हणून अंगठा घेतला. त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर आला. खाली अण्णांचा मेसेज : ‘अंगठा झाला. आता सातबारा बघू.’