धक्का मोजला, दुःख राहिले

मुलांच्या मनावरच्या आघातांचे संशोधन हा आता मोठा पसारा झाला आहे. त्यासाठी स्वतंत्र नियतकालिके निघतात, परिषदा भरतात आणि प्रश्नावल्या तर मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. माझी तक्रार जुनीच आहे, विद्यार्थ्यांना ती पाठ होती, आणि मी ती पुन्हा करणार आहे. या सगळ्यात धक्का भरपूर मोजला गेला, दुःख मात्र कोपऱ्यात राहिले. जमीन हादरली की लेकरू घाबरते, ही भीती मोजायला सोपी. बाप गेल्यावर तेच लेकरू कसे वाढते, हे पाहायला वर्षे द्यावी लागतात. ती द्यायला ना विद्यापीठे तयार असतात, ना अनुदान देणारे.

गंमत अशी की या शास्त्राची सुरुवात नेमकी उलट झाली होती. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेडमध्ये मुलांसाठी पाळणाघरे चालवली. १९४३च्या ‘वॉर अँड चिल्ड्रेन’मध्ये त्यांनी लिहून ठेवले की, आईजवळ असलेले मूल बॉम्बस्फोटही बऱ्यापैकी सोसते. सुरक्षिततेसाठी म्हणून आईपासून दूर गावी पाठवलेले मूल जास्त कोमेजते. पुढे १९६०मध्ये जॉन बोल्बीने अगदी लहान मूलही शोक करते असे मांडले, तेव्हा त्याच्याशी वाद घालणाऱ्यांत हीच ॲना फ्रॉइड होती. आपल्याकडे हा वाद अजून मिटलेला नाही. ‘लेकरू लहान आहे, त्याला काय कळतंय’ म्हणत मयताच्या घरातून मूल आजोळी पाठवून देणारे काका-मामा मी आजही पाहते. तेराव्याला ते परत येते, तोवर घरातल्या वस्तूसुद्धा हलवलेल्या असतात.

१९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत ‘आघातोत्तर ताणविकार’ दाखल झाला आणि मोजमापाची गाडी सुसाट निघाली. तो सगळा काळ मी भरभर ओलांडते. त्यातले बरेच लेखन एकमेकांची नक्कल आहे. दोन नावे मात्र सोडता येत नाहीत. पहिले लेनोर टेर. १९७६मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावी शाळेची बस पळवून २६ मुलांना जमिनीत पुरलेल्या वाहनात कोंडले होते. मुले स्वतःच बाहेर निघाली, जखमाही फारशा नव्हत्या. टेरबाई त्यांना भेटल्या आणि चार वर्षांनी पुन्हा भेटल्या, तेव्हा एकही मूल त्या घटनेच्या खुणांवाचून सुटलेले नव्हते. आपण मोठे होणार नाही, असे काहींना वाटे. काहींनी घटनेआधीचे अपशकुन शोधून काढले होते. आणि खेळ तोच तोच चालत असे. असा खेळ मुलाला मोकळा करत नाही, ते त्यातच फिरत राहते, हे टेरचे निरीक्षण.

दुसरे नाव रॉबर्ट पायनूस. ७ डिसेंबर १९८८ला आर्मेनियात भूकंप झाला, हजारो मुले शाळेतच गेली. पायनूस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गाव केंद्रबिंदूच्या जितके जवळ, तितकी मुलांची लक्षणे तीव्र. पण मला भावला तो त्यांचा पुढचा उद्योग. ग्युम्री शहरातल्या काही शाळांत त्यांनी मुलांवर वर्गातच उपचार केले, आणि त्यात धक्क्याबरोबर गेलेल्या माणसाचे दुःखही धरले. भूकंपानंतर तीन वर्षांनी उपचार मिळालेली मुले सावरत होती, न मिळालेली आणखी खालावली होती. म्हणजे ‘काळच औषध’ हे मुलांच्या बाबतीत खरे नाही.

उपचारांचे हे निष्कर्ष छापून येण्याआधीच आपल्या दारात किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. गणपती विसर्जन करून माणसे दमून झोपली होती आणि दगडमातीची माळवदे त्यांच्यावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. मी तेव्हा तरुण प्राध्यापिका होते, विद्यार्थ्यांना घेऊन गेले. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायच्या. मधल्या सुट्टीत पोरे दगडांचे घर रचायची, ‘आला आला’ ओरडून पाडायची आणि खालून एकाला ओढून काढायची. आमच्यातले काही शहाणे त्यांना हटकत. मी म्हणायचे, खेळू द्या, पण शेजारी बसा आणि आज कोण निघाले ते विचारा. या एका वाक्यावरून माझे अनेकांशी बिनसले.

त्या काळात आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना बोलते करायची टूम होती. एक बैठक, मन मोकळे, पुढचे गाव. २००२च्या कॉक्रेन आढाव्याने सांगितले की अशा एकवेळच्या बैठकीचा उपयोग दिसत नाही, कधी अपायही होतो. अशा बैठका घ्यायला ज्यांनी तेव्हा आम्हाला शिकवले, तेच आता व्यासपीठावरून दीर्घकालीन पाठपुराव्याची महती सांगतात. असो.

आपल्याकडे कामच झाले नाही असे मात्र कुणी म्हणू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करवला आणि त्याची धुरा डॉ. मोहन आगाशे यांच्याकडे होती. लोकांना ते ‘घाशीराम’मधले नाना म्हणून आठवतात, पण त्यांचे हे काम कमी मोलाचे नाही. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. इतक्या मुलांची जबाबदारी घेणे हे येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे. तरी हॅम्पस्टेड वाचलेल्या माणसाला प्रश्न पडतोच: उरलेल्या आईपासून किंवा आजीपासून दूर झालेल्या मुलाने शाळा मिळवली, पण शोक कुणाजवळ केला? आणि गावात राहिलेल्यांचे तरी काय? नव्या वसाहती ऐसपैस, रस्ते सरळ. पूर्वी चुलत्याची भिंत आपल्या भिंतीला लागून होती, आता त्याचे घर वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला. रडायला जायची जागाच लांब गेली.

आता माझ्या आवडत्या पंथाकडे येते. हार्वर्डच्या विल्यम वॉर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेली १२५ मुले, ७० घरांतली, दोन वर्षे पाहिली. बॉम्ब नाही, भूकंप नाही. साधे मरण, आजारपणाचे, अपघाताचे. पहिल्या वर्षी बरी वाटणारी काही मुले दुसऱ्या वर्षी अडचणीत आली. म्हणजे आपली माणसे जेव्हा घरी यायची थांबतात, तेव्हा. मूल कसे तग धरेल हे सगळ्यात जास्त कशावर ठरते? उरलेला पालक स्वतः किती उभा आहे, घरची जेवणझोप किती पूर्वीसारखी आहे, यावर. अ‍ॅरिझोनात अर्विन सँडलर यांनी हेच सूत्र धरून उरलेल्या पालकाला मदत करणारा कार्यक्रम उभा केला. मुलाला बरे करायचे तर आईला धरा, हे आमच्या आज्यांना सांगावे लागले नसते.

वॉर्डन-सिल्व्हरमन यांच्या अभ्यासातून दुसरी गोष्ट निघाली. मुले गेलेल्या माणसाला सोडत नाहीत. त्याच्याशी बोलतात, त्याची वस्तू जपतात, तो आपल्याकडे पाहतो आहे असे मानतात. तोवर पुस्तके सांगत होती की नाते तोडून पुढे गेले म्हणजे शोक पुरा झाला. १९९६मध्ये सिल्व्हरमन, क्लास आणि निकमन यांनी उलट मांडले: नाते चालूच राहते, फक्त त्याचे रूप बदलते. मला यात नवल वाटले नाही. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली आणि ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. सोळा वर्षे ते नाते जिवंत होते. महाराष्ट्रातल्या घराघरांत ते पुस्तक आहे, पण मानसशास्त्राच्या वर्गात मी त्याचे नाव घेतले तेव्हा एका वरिष्ठांनी ‘हे शास्त्र नव्हे, हळवेपणा’ असा शेरा मारला. त्यांचे निवृत्तीनंतरचे व्याख्यान नेमके याच विषयावर होते म्हणे.

मराठवाड्यातले खरे काम मात्र किल्लारीच्या पुढचे आहे. शेतकरी आत्महत्येच्या घरात जो शोक असतो, त्याला आधी पंचनाम्यातून जावे लागते. पोलीस येतात, तलाठी येतो, पत्रकार येतात. मग समिती ठरवते, प्रकरण मदतीला पात्र की अपात्र. पात्र ठरले तर एक लाख, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. अपात्र ठरले की शाळेत पोराला कुणीतरी ते ऐकवतेच. पिट्सबर्गच्या डेव्हिड ब्रेंट आणि नादिन मेल्हेम यांनी पालकाच्या आकस्मिक मृत्यूनंतरची मुले वर्षानुवर्षे पाहिली. त्यांतल्या सुमारे दहा टक्के मुलांचा शोक जवळपास तीन वर्षांनीही ओसरला नव्हता. पण तिथल्या मुलाला बापाच्या मरणाची पात्रता सिद्ध करावी लागत नाही. २०१५पासून मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात आमचा हिंगोलीही आला. तो शेतकऱ्याला जगवण्यासाठी आहे आणि त्याची गरज आहेच. शेतकरी गेल्यावर मागे राहिलेल्या लेकरासाठी वेगळे माणूस हवे.

करोनाबद्दल थोडक्यात. आईवडील दोघेही गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, हे चांगलेच झाले. पण त्या मुलांना अंत्यदर्शन मिळाले नाही. आजोळी पाठवायच्या रीतीला नावे ठेवणारी मी, तेव्हा दवाखान्यातून परस्पर गेलेली माणसे पाहून गप्प झाले.

आजची अवस्था काय? मुलांच्या दुःखावर दोन मिनिटांच्या चित्रफिती निघतात. विद्यार्थी प्रबंधासाठी एका दिवसात शंभर मुलांकडून प्रश्नावली भरून घेतो आणि गाडीने परततो. इकडे आमच्या हिंगोलीच्या औंढा, वसमत, कळमनुरी तालुक्यांत जमिनीखालून आवाज येतात. पांगरा शिंदेचे नाव त्यापायी वर्तमानपत्रांत येत असते. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ला सकाळी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. सिद्धेश्वरला धरणाखाली राहणाऱ्या लेकरांना आवाज झाला की आधी धरणाची आठवण येते. त्यांच्याशी शाळेत यावर कोण बोलते? किल्लारीची गोष्ट त्यांना आजोबांकडून अर्धीमुर्धी कळलेली असते.

नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतल्या मानसशास्त्र विभागांना माझे एकच सांगणे आहे. १९९३ला दहा वर्षांची असलेली मुले आता चाळिशी ओलांडून गेली आहेत. काही पुण्यात नोकरीला आहेत, काही नव्या गावठाणात शेती करतात. त्यांची उशिराने झालेली पोरे आज त्याच वयाची आहेत. त्यांना भेटा. विद्यार्थ्याला शंभर प्रश्नावल्या देऊ नका, तीन वर्षांसाठी तीन घरे द्या. आणि वाचकहो, तुमच्या गल्लीत असे घर असेल तर तेराव्यानंतर जाणे थांबवू नका. दुसऱ्या वर्षी जास्त जा.